प्रायमरीचं मत: न्यू जर्सीतली सतरा वर्षं

न्यू जर्सीची यंदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, १० जून २०२५ ला झाली. टपालाने येणाऱ्या शेवटच्या मतपत्रिका स्वीकारायची मुदत १६ जूनला संपली आणि मग हे लिहायला बसले. माझी इथली पहिली प्रायमरी फेब्रुवारी २००८ ची. तेव्हापासून मी डेमोक्रॅटिक पक्षाचीच मतदार आहे. पक्ष बदलला नाही, पण प्रायमरीच्या दिवसांबद्दल मनात जे असतं ते तीन-चार वेळा पार पालटलं. या वसंतात नव्याने नागरिक झालेल्या ओळखीच्या मराठी मंडळींनी तेच तेच प्रश्न विचारले: पक्ष नोंदवायचा म्हणजे काय, चूक झाली तर मत वाया जातं का, आणि उमेदवार आधीच ठरलेला असतो तर जायचं कशाला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं फॉर्मवर सापडतात. तिसऱ्याचं उत्तर मला बरीच वर्षं देता येत नव्हतं.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला प्रायमरी समजायलाच वेळ लागतो. आपल्याकडे तिकीट पक्ष देतो. यादी मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरते, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ए-बी फॉर्म कोणाच्या हातात पडला यावरून उमेदवार कळतो, आणि ज्याच्या हाती पडला नाही तो बंडखोरी करतो. इथे पक्षाचं तिकीट कोणाला हे पक्षाचे मतदारच मत देऊन ठरवतात, तेही सरकारने घेतलेल्या निवडणुकीत. कायद्यात तरी असं आहे. न्यू जर्सीत प्रत्यक्षात ते बराच काळ तसं का नव्हतं, ते पुढे येईलच.

नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज मी २००६ साली भरला. तेव्हा अर्जाचे ३३० आणि बोटांच्या ठशांचे ७० असे ४०० डॉलर लागले होते. आता तोच अर्ज कागदावर भरला तर ७६० डॉलर आणि ऑनलाइन भरला तर ७१० डॉलर पडतात. २००७ मध्ये शपथ झाली. शपथविधीच्या सभागृहाबाहेरच स्वयंसेवक मतदार नोंदणीचे फॉर्म घेऊन उभे होते. फॉर्म एक पानी. त्यावर ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर, नाहीतर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे, पत्ता, जन्मतारीख आणि सही. या सहीची चौकट नीट लक्षात ठेवा. मी तिथे भारतातल्या सवयीने देवनागरीत सही ठोकली. त्याचा हिशेब तेरा वर्षांनी द्यावा लागला.

त्याच फॉर्मवर पक्षाचा रकाना असतो. तो रिकामा सोडला तर तुम्ही ‘अनअ‍ॅफिलिएटेड’, म्हणजे कोणत्याच पक्षाचे नाही. यात काही बिघडत नाही. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत कोणालाही मत देता येतंच. पण प्रायमरी फक्त पक्षाच्या मतदारांची. न्यू जर्सीत यातून एक सोपी वाट आहे: पक्ष न नोंदवलेला मतदार प्रायमरीच्या दिवशी थेट केंद्रावर जाऊन ‘मला या पक्षाची मतपत्रिका द्या’ असं सांगू शकतो. त्या क्षणापासून त्याची नोंद त्या पक्षात होते आणि पुढेही तीच राहते. नको असेल तर नंतर फॉर्म भरून काढून घ्यावी लागते. ज्यांची नोंद आधीच दुसऱ्या पक्षात आहे त्यांना ही सवलत नाही. त्यांचा पक्षबदलाचा फॉर्म प्रायमरीच्या ५५ दिवस आधी पोचायला हवा. यंदा ती तारीख १६ एप्रिल होती. मे महिन्यात जाहिराती सुरू झाल्यावर जाग येणाऱ्यांची गाडी दर वर्षी इथेच चुकते. अगदी नवी नोंदणी करायची असेल तर मुदत २१ दिवस आधीची, यंदा २० मे.

५ फेब्रुवारी २००८ ला मी केंद्रावर गेले. त्या वर्षासाठी राज्याने प्रायमरी जूनमधून फेब्रुवारीत आणली होती, त्यामुळे आम्ही ‘सुपर ट्यूजडे’त, म्हणजे खूप राज्यं एकाच मंगळवारी मत देतात त्यात, होतो. हिलरी क्लिंटन की बराक ओबामा, हा प्रश्न खरोखर उघडा होता. तेव्हाच्या यंत्रावर सगळी नावं एका भल्यामोठ्या फलकावर असत. नावाशेजारी दाबलं की हिरवी फुली उजळायची आणि शेवटी खालचं बटण दाबलं की मत पडायचं. न्यू जर्सी क्लिंटनबाईंनी जिंकली, उमेदवारी शेवटी ओबामांना मिळाली. आपलं मत मोजलं जातंय, उमेदवार ठरवणाऱ्या एकेका प्रतिनिधीसाठी दोन्ही बाजू घाम गाळताहेत, ही जाणीव मला नवी होती. जूनपर्यंत मी रोज रात्री आकडे पाहत होते. त्यानंतर प्रायमरीचा तसा हंगाम यायला फार वर्षं गेली.

पुढच्या वेळेपासून राज्याने प्रायमरी परत जूनला नेली. वेगळ्या तारखेच्या निवडणुकीचा खर्च वाचला, पण अध्यक्षपदापुरतं बोलायचं तर आमच्या मतातला जीव गेला. जून येईपर्यंत बाकीच्या राज्यांनी निकाल लावलेला असतो. २०१६ मध्ये आमचं मतदान ७ जूनला होतं आणि ६ जूनच्या रात्रीच असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जाहीर केलं की क्लिंटनबाईंकडे पुरेसे प्रतिनिधी जमले. दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाताना पाय जड झाले होते. मी ज्यांना मत देणार होते त्याच जिंकल्या होत्या, तरीही. समोरच्या ताटातला घास दुसऱ्या कोणी भरवल्यासारखं वाटलं.

अशा वर्षीही जाण्यात अर्थ आहे तो खालच्या जागांसाठी. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, कमिशनर, नगर परिषद आणि सगळ्यात तळाशी पक्षाच्या काउंटी कमिटीचे सदस्य असतात. ही शेवटची नावं बहुतेक जण वाचतसुद्धा नाहीत. पण वरच्या पदांसाठी पक्षाचा पाठिंबा कोणाला द्यायचा, यावर अनेक ठिकाणी हेच सदस्य मत देतात. हे मला २०१७ च्या सुमारास कळलं. पहिल्या वर्षीच कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

२०१९-२० चा हंगाम उत्साहात सुरू झाला. वीसहून जास्त उमेदवार होते. त्यात आमचे सिनेटर कोरी बुकर होते आणि चेन्नईच्या आईच्या पोटी जन्मलेल्या कमला हॅरिसही होत्या. हॅरिस डिसेंबर २०१९ मध्ये आणि बुकर जानेवारी २०२० मध्ये बाहेर पडले. एकाही राज्यात मतदान व्हायच्या आधी! ज्यांच्यासाठी वर्षभर फोन केले त्यांचं नाव माझ्या मतपत्रिकेपर्यंत पोचलंच नाही.

देणगीबद्दलचे धडेही याच हंगामात मिळाले. पक्षाच्या पहिल्या वादसभेच्या मंचावर यायचं तर मतचाचण्यांतले टक्के, नाहीतर ६५,००० वेगवेगळे देणगीदार लागत होते. म्हणून ‘फक्त १ डॉलर द्या’ अशा विनवण्या सुरू झाल्या. मी चार उमेदवारांना एकेक, दोन-दोन डॉलर दिले. पैशाचं काही नाही, पण देताना मोबाइल नंबर दिला, आणि नंबर एका यादीतून दुसऱ्या यादीत जातो. पुढच्या निवडणुकीत कुठल्या कुठल्या राज्यांतल्या उमेदवारांचे दिवसाला दहा-बारा मेसेज येत होते. प्रत्येकात ‘मध्यरात्रीपर्यंत’ आणि ‘शेवटची संधी’. ज्या पक्षावर प्रेम आहे त्यानेच रोज असं घाबरवावं, याचा मला मनापासून त्रास झाला. उपाय साधे आहेत. फोनचा रकाना सक्तीचा नसेल तर रिकामा ठेवा. ‘दर महिन्याला’ या चौकटीत आधीच टिक नाही ना, ते पैसे भरण्यापूर्वी पाहा. आलेल्या मेसेजला ‘स्टॉप’ उत्तर द्या. प्रत्येक यादीला ते वेगळं द्यावं लागतं, पण महिनाभरात फरक पडतो. एक गोष्ट कायद्याची आहे आणि आपल्या मंडळींना ती माहीत नसते: देणगी देण्याचा हक्क नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी एक डॉलरही देऊ नये, दुसऱ्याच्या कार्डावरूनही नाही. ग्रीन कार्डवर देणगी चालते, मतदान अजिबात चालत नाही. चुकून केलेलं मतदानसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात आडवं येतं.

मग करोना आला. २ जूनची प्रायमरी ७ जुलै २०२० वर गेली आणि दोन्ही पक्षांच्या नोंदणीकृत मतदारांना मतपत्रिका टपालाने घरी आल्या. पक्ष न नोंदवलेल्यांना फक्त अर्ज आला. तो भरून पक्ष सांगितल्याशिवाय मतपत्रिका नाही. आजही टपालाने मत देणाऱ्या पक्षविरहित मतदाराची हीच अडचण होते. नोव्हेंबरची मतपत्रिका आपोआप येते म्हणून प्रायमरीचीही येईल अशी तो वाट पाहत बसतो, आणि ती येत नाही.

टपाली मत कुठे चुकतं ते सविस्तर सांगते, कारण मी चुकले. पाकिटात मतपत्रिका, एक आतलं पाकीट आणि एक बाहेरचं पाकीट असतं. मतपत्रिकेवरची लंबगोलं पेनने पूर्ण भरायची, बरोबरची खूण किंवा फुली करायची नाही. जिथे ‘दोन निवडा’ लिहिलंय तिथे तीन भरली की त्या पदापुरतं सगळं मत बाद. यंत्र अशा वेळी अडवतं, कागद अडवत नाही. भरलेली मतपत्रिका आतल्या पाकिटात. या पाकिटाला जोडलेली एक चिठ्ठी असते, तिला प्रमाणपत्र म्हणतात. त्यावर नाव, पत्ता लिहून सही करायची आणि ती फाडायची नाही. पाकीट बंद करताना ती सुटा कागद समजून काढून टाकणारे दर वेळी भेटतात. मग सगळं बाहेरच्या पाकिटात. तिकीट लावावं लागत नाही. नवऱ्याचं किंवा शेजाऱ्याचं पाकीट तुम्ही पेटीत टाकणार असाल तर पाकिटावर ‘बेअरर’चा भाग असतो, त्यात तुमचं नाव, पत्ता आणि सही हवी.

मी हे सगळं बरोबर केलं आणि सही इंग्रजीत केली. नोंदणीच्या फॉर्मवर देवनागरी, मतपत्रिकेच्या चिठ्ठीवर इंग्रजी. काही दिवसांनी पत्र आलं की सही जुळत नाही. पाकीट उघडताना धसका बसला, आपल्यावर काही आरोप आहे की काय असं वाटलं. तसं काही नसतं. पत्रासोबत दुरुस्तीचा फॉर्म असतो. ‘ही मतपत्रिका माझीच आहे’ असं लिहून सही करायची, ओळखीचा तपशील द्यायचा आणि पत्रावर दिलेल्या तारखेच्या आत पोचवायचा. माझं मत मोजलं गेलं. लग्नानंतर नाव बदललेल्या, किंवा हात थरथरू लागलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीतही हेच होतं. सही बदलली असेल तर नोंदणीचा फॉर्म नव्याने भरून नवी सही नोंदवून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर खातं उघडून मतपत्रिका पोचली का, स्वीकारली का, हे पाहत राहा. टपालाने येणारं पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात हरवू शकतं, खात्यातली नोंद हरवत नाही.

तिकीट मतदार ठरवतात हे न्यू जर्सीत बराच काळ फक्त कायद्यातच का होतं, त्या ‘लाइन’कडे आता येते. न्यू जर्सीतल्या २१ काउंट्यांपैकी १९ काउंट्यांत, सेलम आणि ससेक्स सोडून, प्रायमरीची मतपत्रिका देशात इतरत्र कुठेही नसेल अशी होती. बाकी राज्यांत पदानुसार चौकट असते: गव्हर्नरसाठी ही नावं, सिनेटसाठी ही. इथे काउंटी पक्षाने ज्यांना पाठिंबा दिला त्या सगळ्यांची, अध्यक्षपदापासून नगर परिषदेपर्यंत, एकाखाली एक किंवा एका ओळीत नावं. हीच लाइन. पाठिंबा नसलेला उमेदवार दूर कुठेतरी, कधी मध्ये रिकामे रकाने सोडून, कधी दुसऱ्या कोणाच्या खाली. त्या कोपऱ्याला कार्यकर्ते सायबेरिया म्हणत. ‘कॉलम ए, वरपासून खालपर्यंत’ असं घरी आलेल्या पत्रकांवर छापलेलं असे, आणि मीही कित्येक वर्षं तेच करत आले. पक्षावर विश्वास होता, खालची नावं ओळखीची नव्हती, आणि डोळा आपोआप त्या सरळ रेषेतून उतरायचा. मतपत्रिकेची रचनाच माझा हात धरून नेत होती हे मला कळलं नाही. रटगर्स विद्यापीठातल्या प्राध्यापक ज्युलिया सॅस रुबिन यांनी लाइनवर असल्या-नसल्याचा मतांवर किती मोठा परिणाम होतो ते मोजून दाखवलं. ते वाचलं तेव्हा आधी राग पक्षाचा आला, मग त्या सगळ्या वर्षांचा.

सप्टेंबर २०२३ मध्ये सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचे आरोप झाले आणि दुसऱ्याच दिवशी काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकी संसदेतले, अँडी किम यांनी त्यांच्याविरुद्ध उभं राहत असल्याचं सांगितलं. नोव्हेंबरात गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या आणि मोठ्या काउंट्यांतल्या पक्षाध्यक्षांनी भराभर त्यांना पाठिंबा जाहीर केला. किम फेब्रुवारी २०२४ मध्ये या रचनेविरुद्ध फेडरल कोर्टात गेले. २४ मार्चला मर्फीबाईंनी माघार घेतली, २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी लाइनच्या मतपत्रिकेला मनाई केली आणि एप्रिलमध्ये अपील कोर्टाने ती कायम ठेवली. ही मनाई फक्त डेमोक्रॅटिक प्रायमरीला लागू होती, त्यामुळे त्या वर्षी एकाच काउंटीत दोन पक्षांच्या मतपत्रिका दोन तऱ्हांच्या असू शकत होत्या.

४ जून २०२४ ला मी पदानुसार छापलेली मतपत्रिका पहिल्यांदा पाहिली. सिनेटच्या चौकटीत नावं शेजारी शेजारी, सगळी सारख्या अक्षरात. किम जिंकले. मला मात्र त्या दिवशी दोन वेगवेगळ्या गोष्टी वाटत होत्या. सिनेटचं मत देताना २००८ नंतर पहिल्यांदा हात क्षणभर थांबला, आणि ते बरं वाटलं. त्याच मतपत्रिकेवर अध्यक्षपदासाठी जो बायडन होते आणि गाझातल्या युद्धाचा निषेध म्हणून ‘अनकमिटेड’, म्हणजे कोणालाच बांधील नाही, हा पर्यायही होता. मी बायडन यांना मत दिलं. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला प्रतिनिधींनी ऑनलाइन मतदान करून कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. नियमाने त्यात खोट नव्हती, प्रायमरीत आपण प्रतिनिधीच निवडतो. हॅरिस यांच्यासाठी मला मनापासून आनंद झाला. तरीही २०१९ मध्ये ज्यांना मत द्यायची संधी हुकली, त्या २०२४ मध्ये एकाही प्रायमरीशिवाय उमेदवार झाल्या, ही बोच राहिली. नोव्हेंबरात पराभव झाल्यावर ती वाढली. त्या हिवाळ्यात मी पक्षाचा एकही ईमेल उघडला नाही.

मार्च २०२५ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी नव्या कायद्यावर सही केली: दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत नावं पदानुसार छापायची. जूनमध्ये गव्हर्नरपदाची प्रायमरी होती. नेहमीप्रमाणे ती ३ जूनला आली असती, पण ज्यूंचा शावुओत सण असल्यामुळे १० जूनला ठेवली.

त्या प्रायमरीत डेमोक्रॅटिक बाजूला सहा जण होते आणि सहाही वजनदार. नौदलात हेलिकॉप्टर चालवलेल्या काँग्रेस सदस्य मिकी शेरिल. नेवार्कचे महापौर रास बराका, ज्यांना ९ मे ला स्थलांतरितांच्या डिटेन्शन सेंटरच्या फाटकाशी अटक झाली आणि दहा दिवसांनी आरोप मागे घेतला गेला. जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलप. काँग्रेसमधले जॉश गॉटहायमर. शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर. राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. लाइन असती तर माझ्या काउंटीत त्यातलं एक नाव पहिल्या रकान्यात आलं असतं आणि मी दोन मिनिटांत घरी आले असते. या वेळी वाचावं लागलं.

मी काय केलं ते सांगते, कोणाला उपयोग होईल. एप्रिलमध्ये एका कागदावर तीनच प्रश्न लिहिले: मालमत्ता कर, न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाड्या आणि घरांच्या किमती. प्रत्येक उमेदवार त्यावर नेमकं काय म्हणतो तेवढंच शोधलं. सगळं वाचायला गेलं की चौथ्या दिवशी कंटाळा येतो. मग वादसभा. देणगीच्या प्रत्येक डॉलरमागे सरकारकडून दोन डॉलर घेणाऱ्या उमेदवारांना न्यू जर्सीत वादसभेला यावंच लागतं. पूर्ण वादसभा पाहा, तुकडे पाहू नका. तुकड्यांत फक्त टोले दिसतात, ‘पैसे कुठून आणणार’ या प्रश्नावर कोण गप्प झालं ते दिसत नाही. टीव्हीवरच्या जाहिरातींनी बावरू नका. शिक्षक संघटनेच्या पैशावर चाललेल्या गटाने स्पिलर यांच्यासाठी तीन कोटी डॉलरहून जास्त खर्च केले, आणि ते पाचवे आले. शेवटी मतपत्रिकेचा नमुना. तो प्रायमरीच्या आधी घरी येतो. जेवणाच्या टेबलावर त्यावरच खुणा करून ठेवल्या. यंदा असेंब्लीच्या, म्हणजे राज्याच्या विधानसभेच्या, सगळ्या ८० जागाही होत्या, प्रत्येक मतदारसंघात दोन मतं. तिथल्या नावांसाठी मला गव्हर्नरपेक्षा जास्त वेळ लागला. एक लक्षात ठेवा, लाइन गेली तरी नावाखाली घोषवाक्य छापता येतं, आणि काउंटी पक्षाचा पाठिंबा असणाऱ्यांच्या नावाखाली ते छापलेलं असतं. ती माहिती म्हणून वाचा.

लवकर मतदान ३ ते ८ जून होतं. यासाठी काउंटीतल्या कुठल्याही अर्ली व्होटिंग केंद्रावर जाता येतं, तर १० जूनला फक्त नेमून दिलेल्या केंद्रावर, सकाळी ६ ते रात्री ८. मी शनिवारी ७ जूनला सासूबाईंना घेऊन गेले. त्या मराठी वाचतात, इंग्रजी नाही. ज्यांना मतपत्रिका वाचता येत नाही त्यांना आपल्या पसंतीचा माणूस मदतीला नेण्याचा हक्क १९६५ च्या मतदान हक्क कायद्यातल्या कलम २०८ ने दिलेला आहे. मालक किंवा युनियनचा माणूस सोडून कोणीही चालतं. आत शिरतानाच तसं सांगा, ते मदतनिसाची नोंद करून घेतात. मी नावं वाचून दाखवली, त्यांनी बोट ठेवलं. तुम्ही मदतनीस असाल तर केंद्रात शिरल्यावर कोण बरं, कोण वाईट हे बोलू नका. ती चर्चा आदल्या रात्री घरी करा.

केंद्रापासून १०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही, त्यात उमेदवाराच्या नावाचा टी-शर्ट आणि बिल्लाही आला. ओळखपत्र बहुतेकांना मागत नाहीत, टॅबलेटवर सही घेऊन जुन्या सहीशी ताडतात. आमच्याकडच्या यंत्रांवर आता कागद आहे: पडद्यावर निवडलं की काचेमागे छापील पट्टी दिसते. ती वाचल्याशिवाय शेवटचं बटण दाबू नका. ज्यांच्या घरी टपाली मतपत्रिका आलेली आहे त्यांना यंत्रावर मत देऊ देत नाहीत. त्यांना कागदी ‘प्रोव्हिजनल’ मतपत्रिका मिळते आणि ती नंतर तपासून मोजतात. भरलेली टपाली मतपत्रिका केंद्रावर घेऊन गेलात तर तिथे घेत नाहीत. ती टपालात टाका, नाहीतर काउंटीने ठेवलेल्या पेटीत, मतदानाच्या दिवशी रात्री ८ च्या आत. टपालात टाकलीत तर शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचा हवा आणि ती सहा दिवसांत पोचायला हवी.

आम्हाला आत जाऊन बाहेर यायला पंचवीस मिनिटं लागली. खर्च काही नाही.

१० तारखेच्या रात्री निकाल लवकर लागला. शेरिलबाईंना सुमारे ३४ टक्के मतं मिळाली, बराका दुसरे आले. इथे पन्नास टक्क्यांची अट नाही, दुसरी फेरीही नाही, सगळ्यात जास्त मतं ज्याची तो उमेदवार. मी ज्यांना मत दिलं होतं ते हरले.

लाइनच्या दिवसांत मी प्रायमरीत कधी हरले नव्हते, कारण खरं म्हणजे काही निवडलंच नव्हतं. या वेळी दोन महिने वाचून, विचार करून एक नाव ठरवलं आणि ते पडलं. झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेरिलबाईंच्या प्रचारातून मेसेज आला, ‘आता सगळ्यांनी एकत्र येऊ या’, आणि मला तो उघडवेना. पूर्वी प्रायमरीनंतर एका मिनिटात नोव्हेंबरच्या कामाला लागत असे. या वेळी आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी माझ्या कागदावरचे तीन प्रश्न पुन्हा काढले आणि शेरिलबाईंची उत्तरं रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॅक चॅटरेली यांच्या उत्तरांशेजारी लिहिली. ज्यांचा उमेदवार हरलाय त्यांनी हे जरूर करावं. मन वळायला वेळ लागतो, तो स्वतःला द्यावा, आणि त्या काळात कोणाशी वाद घालू नये.

काल दारोदार प्रचारासाठी नाव नोंदवलं. पहिली फेरी शनिवारी सकाळी दहाला आहे. फोनमध्ये मिनीव्हॅन अ‍ॅप घालून न्यायचं, त्यात घरांची यादी येते. पाण्याची बाटली, टोपी आणि फोनसाठी पॉवर बँक बरोबर हवी. सासूबाईंनी विचारलं, ‘तू तर दुसऱ्याला मत दिलं होतंस ना?’ हो म्हटलं. त्यांनी डब्यात दशम्या बांधून द्यायचं कबूल केलंय.